गाडीचा रंग: डब्यातला, उन्हातला आणि यार्डातला

माझी गाडी हिरवी आहे. गर्द, किंचित निळसर झाक असलेली, आणि उन्हात उभी केली की आतून बारीक सोनेरी कण चमकतात अशी. दोन वर्षांपूर्वी मंडईजवळच्या पार्किंगमध्ये एका टेम्पोवाल्याने गाडी मागे घेताना तिचा पुढचा बंपर चेपला. ओळखीच्या गॅरेजमध्ये टाकली, चार दिवसांनी आणायला गेले. आत शेडमध्ये ट्यूबलाइटखाली पाहिली तेव्हा काम झकास वाटलं. गाडी बाहेर दुपारच्या उन्हात आली आणि माझा चेहराच उतरला. बॉनेट होतं तसंच होतं, बंपर मात्र शिळ्या मेथीसारखा काळपटलेला दिसत होता.

"मामा, हा रंग वेगळा आहे."

पेंटिंगवाल्या मामांनी हातातलं फडकं खांद्यावर टाकलं, दोन पावलं मागे गेले, मग खाली बसून तिरक्या नजरेने पाहिलं. "रंग तोच आहे, ताई. कोड तोच, डबा तोच. पडलाय वेगळा."

रंग 'पडतो', आणि एकाच डब्यातला रंग दोन तऱ्हांनी पडू शकतो, हे मला तेव्हा कळलं. मग मी मामांच्या मागेच लागले. हळूहळू लक्षात आलं की रस्त्यावर गाड्या पांढऱ्या-करड्याच का दिसतात आणि मधूनच एखादी मोरपंखी गाडी गेली की मान का वळते, या प्रश्नांची उत्तरंही त्या बंपरपासूनच सुरू होतात.

आपण ज्याला गाडीचा रंग म्हणतो ती थरांची चळत असते. कारखान्यात पत्र्याची मोकळी बॉडी आधी स्वच्छ धुऊन झिंक फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, मग एका मोठ्या हौदात बुडवतात. त्या हौदात वीज सोडली की गंजरोधक रंगाचे कण विजेच्या ओढीने पत्र्यावर जाऊन बसतात. ब्रश जिथे कधीच पोहोचला नसता अशा दारांच्या पोकळीतसुद्धा ते पोहोचतात. हा थर साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर. त्यावर बेस कोट, ज्यात प्रत्यक्ष रंग असतो. आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ज्याला आपल्याकडच्या गॅरेजमध्ये अजूनही लॅकर म्हणतात. सगळं मिळून जाडी १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे माणसाचे दीड-दोन केस एकावर एक ठेवावेत इतकी. त्यातला रंगाचा थर जेमतेम १० ते २० मायक्रॉन. लाखो रुपयांची गाडी लांबून ज्यावरून ओळखू येते, ती गोष्ट केसाच्या पाव जाडीची!

पूर्वी असं नव्हतं. आमच्या वाड्यात एक जुनी लाल गाडी होती. दर रविवारी ती पॉलिश करताना पांढरं फडकं लालभडक व्हायचं, आणि आम्हा मुलांना वाटायचं की काका गाडीचा रंग पुसून काढतायत. ते अगदी खोटंही नव्हतं. त्या काळी साध्या रंगांवर वेगळा लॅकर नसायचा, रंग आणि चकाकी एकाच थरात असायची. उन्हातले अतिनील किरण थेट रंगद्रव्यावर पडायचे, लाल रंग सगळ्यात आधी दगा द्यायचा आणि काही वर्षांत टप फिकट गुलाबी व्हायचा. पुढे रंगाच्या थरावर वेगळा पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ झाली. त्या थरात अतिनील किरण शोषणारी रसायनं असतात. आज फडकं रंगलं नाही तर समजायचं, वर लॅकर शाबूत आहे.

आता मामांच्या 'पडलाय वेगळा'कडे येऊ.

गाडीचे रंग ढोबळमानाने तीन जातींचे. पहिली जात साध्या रंगांची, म्हणजे सॉलिड. यात फक्त रंगद्रव्याची पूड असते, प्रकाश आत जातो, विखुरतो आणि सगळ्या बाजूंना सारखाच बाहेर येतो. साधा पांढरा, साधा लाल समोरून बघा की बाजूने बघा, जवळपास तसाच दिसतो. दुसरी जात मेटॅलिक. यात अॅल्युमिनियमचे अतिशय पातळ पापुद्रे मिसळलेले असतात. साडीवरच्या टिकल्या डोळ्यांपुढे आणा. सगळ्या टिकल्या सपाट, एकाच दिशेला तोंड करून बसल्या असतील तर समोरून पाहताना लखलखतील आणि तिरकं पाहिलं की विझतील. वाकड्यातिकड्या बसल्या असतील तर ना धड इकडून चमक, ना तिकडून. मेटॅलिक गाडीचं बॉनेट उजळ आणि दाराचा खालचा भाग गडद दिसतो, तो या पापुद्र्यांमुळे. गाडीच्या अंगाचे चढउतार डोळ्यांना जाणवतात तेही त्यांच्यामुळेच.

हे पापुद्रे कसे बसतील ते रंग मारणाऱ्या हातावर ठरतं. फवारा कोरडा असेल, म्हणजे हवेचा दाब जास्त आणि थिनर (रंग पातळ करणारं द्रव) लवकर उडणारा, तर समोरून रंग उजळ दिसतो. फवारा ओला असेल तर पापुद्र्यांना थरात तरंगायला, कलंडायला वेळ मिळतो आणि रंग गडद पडतो. फवाऱ्याची बंदूक वितभर लांबून धरली की हातभर लांबून, त्या दिवशी हवा दमट होती का, किती हात मारले, सगळ्याचा परिणाम होतो. कारखान्यात हे काम रोबो करतात. त्यांच्या मनगटावर मिनिटाला हजारो फेरे घेणारी घंटेच्या आकाराची तबकडी असते, ती रंगाचं धुकं उडवते, आणि रंगाला विजेचा भार दिलेला असल्यामुळे तो पत्र्याकडे खेचला जातो. तो फवारा आणि मामांच्या हातातल्या बंदुकीचा फवारा एकसारखा पडणं कठीणच.

त्यात बंपर प्लास्टिकचा. पत्र्याची बॉडी दीडशे अंशांच्या आसपास तापलेल्या भट्ट्यांमधून जाते, त्या उष्णतेत बंपर मऊ पडून आकार सोडेल. म्हणून बंपर वेगळा रंगवतात, कमी तापमानाला, आणि पुष्कळदा वेगळ्याच कारखान्यात. शोरूममधली कोरी मेटॅलिक गाडी सकाळच्या उन्हात नीट पाहा, बंपर आणि फेंडर (पुढच्या चाकावरचा पत्रा) यांच्या रंगात कधीकधी किंचित फरक दिसतो. पांढऱ्या गाडीत तो लपतो. माझ्या हिरव्यासारख्या रंगात लपायला जागाच नसते.

तिसरी जात मोत्याची, म्हणजे पर्ल. ही माझी सगळ्यात लाडकी. यात अभ्रकाच्या पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा इतका पातळ मुलामा दिलेला असतो की त्याची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास भरते. प्रकाशाचे काही किरण मुलाम्याच्या वरच्या पृष्ठभागावरून परततात, काही खालच्या. परतताना ते एकमेकांत मिसळतात, काही रंग बळावतात, काही मरतात. पावसाळ्यात पेट्रोल पंपाबाहेरच्या डबक्यावर जे जांभळे-हिरवे तवंग दिसतात, ते याच कारणाने. मोरपिसाचा निळा-हिरवाही असाच. तो रंगद्रव्य वाटून काढलेला रंग नाही, मोरपिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाशाने घडवलेला आहे. मुलाम्याची जाडी अगदी थोडी बदलली की सोनेरीचा लाल होतो आणि लालाचा निळा. फोर्डने १९९६ साली मस्टँग कोब्राच्या सुमारे दोन हजार गाड्या अशा रंगात काढल्या होत्या की चालत फेरी मारली तर हिरवा, जांभळा, सोनेरी असे रंग एकामागून एक पालटत जायचे. दुरुस्तीसाठी तो रंग सहज विकतसुद्धा मिळत नसे, त्यावर कडक नियंत्रण होतं.

असे कण बनवणं किती थोड्यांच्या हातात आहे, ते जगाला २०११ साली कळलं. त्या वेळी मर्क या जर्मन कंपनीकडे झिरॅलिक नावाचा एक चमकणारा कण होता. अभ्रकाऐवजी अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या स्फटिकांवर मुलामा देऊन तो करतात, त्यामुळे गाडीवर काचेच्या चुऱ्यासारखी तीक्ष्ण चमक येते. तेव्हा जगात हा कण एकाच ठिकाणी तयार होत होता, जपानच्या फुकुशिमा प्रांतातल्या ओनाहामा इथे. ११ मार्च २०११ रोजी भूकंप आणि त्सुनामी आली, कारखाना बंद पडला, आणि काही आठवड्यांत अमेरिकेत फोर्ड व क्रायस्लर यांना काही काळ्या, लाल रंगांच्या गाड्यांची मागणी घेणं थांबवावं किंवा कमी करावं लागलं. इंजिन होतं, टायर होते, पत्रा होता, कामगार होते. फक्त चमक नव्हती. मे महिन्यात उत्पादन पुन्हा सुरू झालं, आणि एकाच जागेवर विसंबणं किती महागात पडतं हे कळल्यावर कंपनीने जर्मनीतही ते करायचं ठरवलं.

मग रस्त्यावर रंग इतके कमी का? रंग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दरवर्षी जगभरातल्या नव्या गाड्यांच्या रंगांची मोजदाद प्रसिद्ध करतात. अलीकडच्या वर्षांत पांढरा, काळा, करडा आणि चंदेरी या चौघांनीच पाचातल्या साधारण चार गाड्या व्यापल्या आहेत.

हे कायम असं नव्हतं आणि कायम असं राहीलच असंही नाही. सुरुवातीच्या मोटारी घोडागाडीसारख्याच वार्निशने रंगवत, एकेक हात वाळायला दिवस लागायचे, पूर्ण गाडीला आठवडे. फोर्डची मॉडेल टी १९०८ साली आली तेव्हा ती करड्या, हिरव्या, निळ्या, लाल रंगांत मिळायची. १९१४ ते १९२५ मात्र फक्त काळी. डांबरयुक्त काळं एनॅमल स्वस्त होतं, टिकाऊ होतं आणि भट्टीत झटपट वाळत होतं, आणि फोर्डच्या धावत्या साखळीला थांबणं परवडत नव्हतं. ही कोंडी रसायनशास्त्राने फोडली. ड्यूपाँट या अमेरिकी रसायन कंपनीचं ड्यूको नावाचं नायट्रोसेल्युलोज लॅकर (वरचा पारदर्शक थर नव्हे, हा रंगच) आलं, तासांत वाळणारं आणि रंगद्रव्य सहज पेलणारं. जनरल मोटर्सने १९२४च्या ओकलंड गाड्या त्याने निळ्या रंगवल्या. गिऱ्हाइकाला रंग हवेच होते. १९२६ला फोर्डनेही मॉडेल टीला पुन्हा रंग दिले, पण तोवर उशीर झाला होता आणि पुढच्याच वर्षी ती गाडी बंद झाली.

त्यानंतरचे रंग लाटांसारखे येत-जात राहिले. अमेरिकेत १९७०च्या आसपास डॉज आणि प्लिमथने जांभळा, भडक केशरी, पोपटी, अगदी गुलाबीसुद्धा गाड्यांवर आणला. १९९०च्या दशकाच्या मध्यात तिथे चक्क हिरवा सगळ्यात लोकप्रिय होता. २०००च्या सुमारास चंदेरी आला, दहा-बारा वर्षांनी पांढऱ्याने त्याला मागे टाकलं. आता सगळीकडे दिसतो तो मेटॅलिक नसलेला, ओल्या सिमेंटसारखा सपाट करडा. दहा-बारा वर्षांपूर्वी तो महागड्या जर्मन गाड्यांवरच असायचा आणि लोक थांबून बघायचे. आज आमच्या सोसायटीत तसल्या तीन आहेत आणि कुणी वळूनही पाहत नाही.

रंगद्रव्यांचंही एक गणित आहे. पांढऱ्याचा कर्ता टायटॅनियम डायऑक्साइड. त्याची झाकण्याची ताकद दांडगी, स्वभाव स्थिर, उन्हाला दाद देत नाही. काळ्याचा कर्ता काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, तोही तसाच. उजळ पिवळा, केशरी, लाल ही मात्र अवघड मंडळी. पूर्वी ही उब शिसं आणि क्रोमियम यांच्या संयुगांतून यायची, ती विषारी म्हणून मागे पडली. त्यांच्या जागी आलेली सेंद्रिय रंगद्रव्यं सुरेख आहेत, पण महाग आणि खालचा थर झाकायला कमी पडणारी. मग हात वाढवावे लागतात किंवा खालचा प्रायमरही त्याच छटेचा द्यावा लागतो. सध्याचे देखणे निळे-हिरवे बरेचसे थॅलोसायनिन या घराण्यातले, ते १९३०च्या दशकात बाजारात आले. टिकाऊ लाल-जांभळ्यासाठी क्विनॅक्रिडोन ५०च्या दशकाच्या अखेरीस आलं. अमुक एक जांभळा गाडीवर दिसतो तेव्हा त्यामागे एवढी उस्तवार असते.

कारखान्याला रंग बदलणंही महागात पडतं. प्रत्येक वेळी नळ्या आणि फवारे धुवायचे, त्यात थोडा रंग आणि थिनर वाया जातो. शक्यतो एका रंगाच्या गाड्या ओळीने काढतात. ज्या रंगाला महिन्याला शेकड्याने मागणी त्याचा फवारा आपोआप आधी लागतो.

पण रंगांचा बळी जातो तो मुख्यतः विक्रेत्याच्या यार्डात, असं माझं ठाम मत झालं आहे. गाडी घेतानाचा प्रसंग आठवा. पाडवा किंवा दसरा तोंडावर आलेला असतो. घरच्यांना त्याच दिवशी गाडी दारात हवी असते. आपण कॅटलॉगवर बोट ठेवतो, विक्रेता कॉम्प्युटरमध्ये बघतो आणि म्हणतो, "हा रंग मागवावा लागेल, सहा-आठ आठवडे धरा. पांढरी मात्र यार्डात उभी आहे, पाडव्याला नक्की देतो." तो खोटं बोलत नसतो. त्याने गाड्या आधी मागवून ठेवलेल्या असतात, त्यांच्यावर त्याचं व्याज चालू असतं, म्हणून जो रंग हमखास खपतो तोच तो भरतो. गिऱ्हाईक उभा असलेला रंग घेतं. वर्षअखेरीला आकडे निघतात, त्यांत पांढऱ्याचा खप सगळ्यात जास्त दिसतो. पुढच्या वर्षी पांढऱ्या आणखी मागवल्या जातात. त्या आकड्यांत 'मला हिरवी हवी होती' असं म्हणणाऱ्यांचा रकानाच नसतो.

मी सव्वादोन महिने थांबले. पाडवा गेला, अक्षय्य तृतीया गेली. सासूबाई दोन-तीनदा म्हणाल्या, "अगं, रंगात काय ठेवलंय?" त्या स्वतः पैठणी घ्यायला गेल्या की दुकानदाराला अर्धा ढीग उलगडायला लावतात. आमसुली हवी असली तर वांगी दाखवलेली चालत नाही, आणि चिंतामणी मागितला तर मोरपंखी नको. अबोली, गुलबक्षी, डाळिंबी, शेंदरी, अंजिरी, मोतिया, बदामी, विटकरी. आपल्या बायकांच्या आणि विणकरांच्या तोंडी ही नावं आजही खेळती आहेत. लुगड्याच्या घडीत दहा लाल वेगळे ओळखणाऱ्या घरांपुढे तीन पांढऱ्या गाड्या ओळीने उभ्या असतात, ते पाहून मला खरंच वाईट वाटतं. कोकमाच्या सालीसारखी काळसर जांभळी, आमसुली गाडी मी आजवर पाहिलेली नाही. कुणी काढली तर पहिली मागणी माझी.

सगळ्यात मोठी भीती असते ती पुढे विकताना काय होईल याची. पाच-सात वर्षांनी येणाऱ्या, अजून ओळखही नसलेल्या माणसाच्या आवडीचा रंग आपण आज निवडतो आणि मधली सगळी वर्षं त्यात फिरतो. या भीतीत तथ्य किती? वेगळ्या रंगाची गाडी विकायला वेळ जास्त लागू शकतो, कारण तो रंग नको असणारे बरेच असतात. पण ज्याला तो हवा असतो त्याच्यापुढे दुसऱ्या गाड्याही फार नसतात. अमेरिकेत जुन्या गाड्यांच्या किमतींचा वर्षानुवर्षं अभ्यास होतो, त्यात पिवळ्या गाड्यांची किंमत सगळ्यात कमी घसरलेली आढळली आहे. यात एक मेख आहे. तिथल्या पिवळ्या गाड्यांत स्पोर्ट्‌स कार बऱ्याच असतात, त्यामुळे हिशेब जसाच्या तसा आपल्याकडे लावू नये. तरी 'वेगळा रंग म्हणजे नुकसान' हे सरसकट खरं नाही, इतकं त्यावरून नक्की म्हणता येतं. गाडीचं मेंटेनन्स, किलोमीटर, अपघाताचा इतिहास यांचा भावावर रंगापेक्षा कितीतरी जास्त परिणाम होतो. आणि आपल्याकडे विम्याचा हप्ता रंगावरून ठरत नाही.

उन्हाचा मुद्दा मात्र खरा. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात काळी गाडी घेणाऱ्याने हा विचार करायलाच हवा. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने एक काळी आणि एक चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या कॅलिफोर्नियाच्या उन्हात उभ्या केल्या होत्या. चंदेरीचं छत काळीपेक्षा जास्तीत जास्त २५ अंशांनी कमी तापलं आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी थंड राहिली. सूर्याच्या उष्णतेचा जवळपास निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो. त्यामुळे दिसायला गडद पण अवरक्त किरण परतवणारे रंगही बनवता येतात, आणि गडद रंगाच्या सगळ्याच गाड्या सारख्या तापतात असं नाही. फिकट पिस्ता, अबोली, आकाशी हे रंग तर काळ्याहून कितीतरी कमी तापतील. थंड गाडी हवी म्हणून पांढरीच घ्यावी लागते असं कुठे आहे?

सुरक्षिततेचंही थोडं बोलायला हवं. भर उजेडात आपला डोळा पिवळसर हिरव्या रंगाला सगळ्यात तीक्ष्ण असतो, ५५५ नॅनोमीटर लांबीच्या लहरींच्या आसपास. शाळेच्या बस पिवळ्या असतात त्याला हा आधार आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या अभ्यासात दिवसाउजेडी काळ्या गाड्यांचा अपघाताचा धोका पांढऱ्यांपेक्षा सुमारे १२ टक्के जास्त आढळला होता. घाटातल्या पावसाळी धुक्यात करडी गाडी दिवे न लावता येते तेव्हा हा आकडा मला आठवतो.

कायद्याच्या दोन गोष्टी माहीत असाव्यात. सैन्याचा ऑलिव्ह ग्रीन रंग खासगी गाडीला चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १२१व्या नियमाने तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखलेला आहे. आणि आरसीवर गाडीचा रंग नोंदलेला असतो. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आधी आरटीओकडे जाऊन ती नोंद बदलून घ्यावी लागते. मॅट, म्हणजे न चकाकणाऱ्या रंगाचा मोह असेल तर एवढंच सांगते, त्याचा वरचा थर मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो. पॉलिश मारलं की तिथे चकचकीत डाग पडतो आणि तो परत मॅट होत नाही.

वेगळा रंग इतका ओढतो का, याचं एक उत्तर जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ साली दिलं होतं. सारख्या गोष्टींच्या रांगेत जी वेगळी असते ती अधिक लक्षात राहते. मुंबईची प्रीमियर पद्मिनी घ्या. काळं अंग, पिवळं छप्पर. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली ताडदेव आरटीओत नोंदली गेली, वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ अखेर ती रस्त्यावरून गेली, तेव्हा लोक फोटो काढायला जमले. हीच पद्मिनी खासगी मालकांकडे इतर रंगांतही होती. हळहळ झाली ती काळी-पिवळीसाठी.

पण माझ्यापुरतं सांगायचं तर वेगळेपणापेक्षा मोठं कारण प्रकाश आहे. माझी गाडी सकाळी सहाला जवळजवळ काळी असते. दहा वाजता हिरवी. चारच्या तिरक्या उन्हात तिच्या बॉनेटच्या कडेवर सोनं उतरतं, आणि पावसात ती अळूच्या पानासारखी होते, थेंब वेगळे आणि रंग वेगळा. रोज तीच वस्तू बघूनही ती रोज तीच नसते. हे सुख दिवसाला आठ सेकंदांचं आहे, जिन्यावरून खाली येऊन दार उघडेपर्यंतचं. त्यासाठी मी पुन्हा दोन महिने थांबेन.

तुम्हाला असा रंग घ्यायचा असेल तर तो मोबाइलवर किंवा शोरूमच्या दिव्यांखाली ठरवू नका. त्याच रंगाची गाडी उन्हात, सावलीत आणि संध्याकाळी पाहा, जमलं तर तीन-चार वर्षं जुनी. विक्रेत्याकडून लेखी तारीख घ्या आणि मुहूर्ताचा हट्ट थोडा सैल सोडा. गाडी आली की रंगाचा कोड टिपून ठेवा. तो बहुधा दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो. एकाच कोडचे वेगवेगळ्या महिन्यांतले घाणेसुद्धा किंचित वेगळे निघतात, त्यामुळे डेंटिंग-पेंटिंगवाला "कोड टाकला की झालं" म्हणाला तर तिथून गाडी परत न्या.

माझ्या बंपरचं काय झालं ते राहिलंच. मामांनी तो पुन्हा घासला. या वेळी आधी पोस्टकार्डाएवढ्या सहा पत्र्याच्या तुकड्यांवर रंग मारला, प्रत्येकावर बंदुकीची हवा आणि थिनर थोडं वेगळं, आणि वर लॅकर. ते तुकडे वाळल्यावर आम्ही दोघं भर उन्हात फेंडरला लावून बघत बसलो, समोरून, बाजूने, गुडघ्यावर बसून. चौथा तुकडा समोरून जुळला पण तिरका धरला की काळवंडला. पाचवा दोन्हीकडून जुळला. मग मामांनी बंपर त्या हाताने मारला आणि रंग दोन्ही फेंडरवर वितभर नेऊन विरवत सोडला, म्हणजे कुठे संपतो ते डोळ्याला सापडू नये.

गाडी ताब्यात देताना त्यांनी तो पाचवा तुकडा माझ्या हातात ठेवला. मागे मार्करने कोड, थिनरचं नाव आणि हवेचा दाब लिहिला होता. "डॅशबोर्डात ठेवा, ताई. कुठल्याही गावात गाडी ठोकली तरी तिथल्या माणसाला आधी हा दाखवा."

तो अजून तिथेच आहे, पीयूसीच्या कागदाखाली.